तहकूब सभेचं कामकाज

माझ्या आईला गावाने सरपंच केलं, ते ती बोलत नाही म्हणून. हा माझा टोमणा नाही. दामूअण्णांनी आमच्या ओट्यावर बसून, बशीत चहा ओतता ओतता, सगळ्यांदेखत हेच कारण सांगितलं होतं. दामूअण्णा म्हणजे वीस वर्षं आमच्या गावचे सरपंच. गावात निवडणूक अशी कधी व्हायचीच नाही. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक बसायची, अण्णा नऊ नावं सांगायचे, नारळ फुटायचा, आणि नऊ जागांसाठी नऊच अर्ज जायचे. 'आमच्या गावात राजकारण नाय,' असं लोक पाहुण्यांना अभिमानाने सांगत, आणि ते खरंच होतं, कारण राजकारणाला निदान दोन बाजू लागतात. त्या वर्षी मात्र तालुक्याला सोडत निघाली आणि आमचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. अण्णांच्या बायकोला दमा होता आणि सून शिकलेली होती, म्हणजे दोघीही कामाच्या नव्हत्या. मग ते आमच्याकडे आले. "नाना," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "वहिनींसारखी बाई गावात नाय. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नाय. काय करायचं नाय, फक्त सही." नानांना ही बायकोची स्तुती वाटली आणि त्यांनी मान डोलावली. आई आत भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही.

गावाचं नाव मी देत नाही. नाशिकपासून एसटीने अर्धा तास, एवढं पुरे. तिथली बरीच मंडळी अजून हयात आहेत, आणि स्वतः वाचत नसली तरी नातवंडांकडून वाचून घेतात.

आमचा मळा फुलांचा. झेंडू बारमाही, थंडीत शेवंती, आणि नानांनी हौसेने लावलेले गुलाबाचे चार वाफे, जे कधीच नीट आले नाहीत. घरातला दिवस फुलांवर चालायचा. उजाडता उजाडता तोडणी, मग करंड्या भरून वर ओलं गोणपाट, मग सडकेवर अण्णांच्या टेम्पोचा हॉर्न, आणि नाना करंड्यांबरोबर नाशिकच्या फुलबाजारात. गावातला प्रत्येक शेतकरी अण्णांच्याच टेम्पोने माल पाठवायचा, दुसरा टेम्पोच नव्हता. टेम्पो गेला की आई चुलीपाशी बसायची. बाजरीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा, काळ्या मसाल्यातली मटकी. त्या मसाल्याने घरादाराला शिंका यायच्या आणि शिंकत शिंकतच सगळे जेवायला बसायचो. दुपारी शेजारच्या वत्सलाकाकू सुई-दोरा घेऊन यायच्या आणि त्या दोघी पडवीत माळा ओवत बसायच्या. वत्सलाकाकू पण पंचायतीत सदस्य होत्या, नऊ नारळी नावांपैकी एक. दोघी मिळून पंचायतीत दोन बाया होत्या आणि दोघींनी मिळून पंचायतीचं ऑफिस आतून एकदा पाहिलं होतं, तेही झेंडावंदनाचे लाडू वाटायला गेल्या तेव्हा. वत्सलाकाकू अखंड बोलायच्या. आई ऐकायची. मी लहानपणापासून समजत होते की आईला बोलायला सुचत नाही. तिला ऐकलेलं सगळं लक्षात राहतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि अण्णांना त्याहून उशिरा.

सरपंचपदाचं काम घरी यायचं ते पंचायतीचा शिपाई निवृत्ती याच्या सायकलवरून. कॅरियरला रबरी ट्यूबने बांधलेलं ठरावांचं जाड बुक, सोबत चार-सहा अर्ज, दाखले. त्याच्यामागे कधी ग्रामसेवक स्वतः यायचे. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. हे भाऊसाहेब सज्जन होते आणि कशालाच जबाबदार नव्हते. ते आले की पडवीतल्या खाटेवर बसायचे, "घाई नाय बाई, सावकाश करा," म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. आईचे हात फुलांत. झेंडू ओवून ओवून बोटं हिरवी-काळी चिकट झालेली, कागदाला लावली की ठसाच उठायचा. शिवाय चौथी शिकलेल्या आईला 'सुमन' लिहायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात भाऊसाहेबांचा दुसरा चहा व्हायचा. मग एक दिवस ती न बघताच म्हणाली, "अलके, कर गं सही."

मी तेव्हा नववीला होते, आणि अक्षरासाठी शाळेत मला दोन बक्षिसं मिळाली होती. मी वहीच्या मागच्या पानावर आईच्या सहीचा सराव केला. जरा तिरकी, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे आणून खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सरपंचाला शोभेल अशी. भाऊसाहेबांनी बघितली आणि म्हणाले, "आता कसं! बाईंची सही चांगली बसली." त्यांच्यासमोरच मी केली होती. पुढची दीड वर्षं गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, प्रत्येक नळजोडणी आणि प्रत्येक ठराव माझ्या सहीने झाला. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलाला रहिवासी दाखला दिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तो माझ्याशी भांडला, तेव्हा मला फार अपमान वाटला. आता शिक्षिका होऊन पंचवीस वर्षं झाली. इतक्या निवडणुकांना मतदान केंद्रावर ड्युटी केली, किती बोटांना शाई लावली त्याला गणती नाही. पण सत्ता म्हणाल तर ती माझ्या हातात तेवढीच दीड वर्षं होती, सोळाव्या वर्षाच्या आतबाहेर.

आता ग्रामसभेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. तिला शंभर माणसं हजर लागतात. शंभर नाही जमली तर सभा तहकूब करायची आणि आठ दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा घ्यायची. आणि या तहकूब सभेला माणसं किती हवीत? कितीही. कोरमची अटच नाही. ज्या कुणी साहेबांनी हा नियम केला त्यांना वाटलं असेल की बिचाऱ्या गावाचं काम अडू नये. आमच्या गावाने त्याचा अर्थ चटकन ओळखला. सभेच्या दिवशी निवृत्ती भर दुपारी, सगळे मळ्यात असताना, देवळाच्या मागच्या बाजूला उभा राहून बेताच्या आवाजात दवंडी द्यायचा. कुणी यायचं नाही. सभा तहकूब. आठ दिवसांनी तहकूब सभा भाऊसाहेबांच्या टेबलावर व्हायची, म्हणजे ते एकटे बसून लिहायचे, आणि मग निवृत्ती बुक घेऊन घरोघर सह्या-अंगठे गोळा करत फिरायचा. लोक विचारायचे, "काय ठरवलं रे आपण?" निवृत्ती म्हणायचा, "चांगलंच ठरवलंय." गावात कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. माझा भाचा परदेशात असतो. परवा फोनवर तळमळून सांगत होता की मावशी, जगात सगळीकडे लोकशाहीचं काही खरं नाही, इथली संसद तर आठ-आठ दिवस चालतच नाही. मी विचारलं, तहकूब होते का? म्हणाला, हो. म्हटलं, मग आठ दिवसांनी काय लिहितात त्यावर लक्ष ठेव.

तर एका दुपारी जनाबाई आली. नाल्याच्या कडेला गायरानावर अकरा झोपड्या होत्या, पेठ तालुक्याकडून मजुरीला आलेल्या लोकांच्या. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तोडणीला आली आणि राहिली. त्यांच्याशिवाय गावातला एक झेंडू खुडला गेला नसता. जनाबाई आमच्याकडे कामाला, आईच्याच वयाची. पडवीत माळा चालल्या होत्या. ती पायरीशी उभी राहिली आणि कमरेच्या ओच्यातून घडी केलेला कागद काढला. "बाय, निवृत्तीनं सगळ्यांला दिला. वाचून बघ ना, काय लिव्हलंय?" कागद पंचायतीचा होता. आईने पदराला बोटं पुसली आणि वाचायला घेतला. ती ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत वाचायची. वत्सलाकाकूंची गोष्ट मध्येच राहिली होती. गायरानावरचं अतिक्रमण तीस दिवसांत काढून घ्यावं, अन्यथा पंचायत ते काढेल, त्या जागी सडकेच्या बाजूने गाळे बांधायचं ग्रामसभेने एकमताने ठरवलं आहे, अशा अर्थाचं काहीतरी होतं. वाचत वाचत आई तळाशी आली आणि थांबली. तळाशी ती तिरकी सही होती. शेपटी, रेघ, दोन टिंबं.

"काय लिव्हलंय बाय?" जनाबाईने पुन्हा विचारलं.

"मी तुझं घर पाडणार हाय," आई म्हणाली.

जनाबाई हसली. तिला वाटलं, सुमनबाई चेष्टा करते आहे. मग तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती पायरीवर खाली बसली. रडली नाही, काही नाही. नुसती बसली आणि समोर सांडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा करायला लागली, सवयीने. मला तो ठरावच आठवत नव्हता. मी आठवायचा प्रयत्न केला, पण दीड वर्षात मी कशाकशावर सह्या केल्या यातलं मला एक अक्षर आठवत नव्हतं. जनाबाई गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं. मी मार खायच्या तयारीने गेले. "तू वाचलं व्हतं का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मी बी नाय," ती म्हणाली आणि पुन्हा सुई हातात घेतली. त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आजही वाटतं.

संध्याकाळी नाना आले आणि घरात आवाज चढला. म्हणजे नानांचा. "अण्णांच्या शब्दाबाहेर जाशील तर उद्यापासून करंड्या डोक्यावर न्याव्या लागतील, कळतंय का?" आईने त्यांना वाढलं. "त्यांची घरं, त्यांचं नशीब. आपण काय गावाचा ठेका घेतलाय?" आईने भाकरीवर तूप सोडलं. "तू काय बोलशील की नाय?" तेव्हा आई म्हणाली, "ठेका आपनच घेतलाय. नारळ फोडून घेतलाय." नाना जेवता जेवता उठले ते हात धुवूनच परत आले.

दुसऱ्या दिवशी आईने निवृत्तीबरोबर निरोप धाडून भाऊसाहेबांना बोलावून घेतलं. हे पहिल्यांदाच झालं होतं, त्यामुळे ते धावत आले. आईने विचारलं, केलेला ठराव मोडता येतो का? भाऊसाहेब म्हणाले, ग्रामसभेचा ठराव ग्रामसभाच मोडू शकते बाई, दुसरं कुणी नाही. आणि ग्रामसभा कुठे भरते? शंभर माणसं अण्णांच्या विरोधात आणणार कोण? आईने हातातली माळ पुरी केली. मग म्हणाली, "तहकूब सभेला कितीक लागतात?" भाऊसाहेब सवयीने म्हणाले, "कितीही," आणि मग त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "बाई, पण विषय आधी अजेंड्यावर लागतो." आई म्हणाली, "झोपड्यांचा विषय कुठं व्हता अजेंड्यावर?" तो आला होता तो दर अजेंड्याच्या शेवटी असलेल्या ओळीखाली: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' भाऊसाहेबांनीच लिहिलेली ओळ. "अध्यक्ष कोन?" आईने विचारलं. भाऊसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू ते शोधत होते. शेवटी म्हणाले, "तुम्हीच."

सभा नेहमीसारखीच ठरली. निवृत्तीने नेहमीसारखी देवळामागे दवंडी दिली, कुणी आलं नाही, सभा तहकूब झाली, अण्णांना कसलाच संशय आला नाही. मधल्या आठ दिवसांत आई एरवीसारखीच वागली. फक्त दुपारी माळा ओवून झाल्या की ती वहीवर सहीचा सराव करायची. स्वतःच्या. मी शिकवायला बसले की म्हणायची, "तुझी नको शिकवू. माझी मला येऊ दे." आणि रोज तिन्हीसांजेला ती नाल्याकडे जायची. नाल्याकडच्या लोकांची नावं मतदारयादीत होती. ती अण्णांनीच घातली होती, गेल्या आमदारकीच्या निवडणुकीला, टेम्पोत बसवून तालुक्याला नेऊन. त्या कामी अण्णा फार तत्पर होते. तेवीस मतं होती ती.

आठव्या दिवशी त्याच वेळी, भर दुपारी, आई देवळाच्या सभामंडपात जाऊन बसली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती आणि हातांना लिंबू चोळून बोटं पांढरी केली होती. भाऊसाहेब ऑफिसात टेबलावर सभा लिहायच्या तयारीत होते, त्यांना निवृत्ती हाताला धरून घेऊन आला. मग नाल्याकडून माणसं आली. डोक्याला तेल, धुतलेले कपडे, लग्नाला आल्यासारखी. देवळाबाहेर चपला काढून पायऱ्यांशीच उभी राहिली, कारण त्यांना आत या असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आई म्हणाली, "आत बसा. सभा तुमची बी हाय." सगळ्यात शेवटी वत्सलाकाकू आल्या, खांबाआड बसल्या आणि पदर पुढे ओढून घेतला. मी बुक आणि पेन घेऊन आईशेजारी. भाऊसाहेबांनी सहा विषय इतक्या हळू आवाजात वाचले की फक्त मारुतीला ऐकू गेले असतील. सातवा विषय आला आणि आई उभी राहिली.

"नाल्यावरच्या झोपड्या काढायचा ठराव मी मोडायला मांडते," ती म्हणाली. "ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा." तेवीस हात वर गेले. कडेवरच्या पोरांनीही वर केले, ते भाऊसाहेबांनी घाबरून वेगळे मोजले. खांबाआडून चोविसावा हात आला. आईचा पंचविसावा. विरोधात कोणीच नव्हतं, कारण विरोधातले सगळे आपापल्या मळ्यात तहकूब सभेला हजर होते.

एवढ्यात अण्णा आले. कुणीतरी सांगितलंच असणार. धोतराचा सोगा हातात, मागे पुतण्या आणि आणखी दोन सदस्य. मंडपात बसलेली माणसं बघून ते क्षणभर थांबले, मग हसले. "वा! वहिनी, सभा घेतली म्हणे. आम्हाला सांगायचं तरी."

"दवंडी दिली व्हती," आई म्हणाली. निवृत्तीने मान खाली घातली.

मी ठराव लिहून पुरा केला होता. बुक आईपुढे सरकवलं. ती सही करायला लागली. सगळं देऊळ थांबून राहिलं. 'सु' झाला, मग 'म'. पेन दोनदा उचललं, पुन्हा टेकवलं. एवढा वेळ त्या गावात कुणी बाईसाठी थांबलं असेल असं मला वाटत नाही. अण्णा वाकून बघत होते. सही झाली, सुटी सुटी अक्षरं, सरळसोट, ना शेपटी ना टिंब. अण्णांनी बुक ओढून मागची पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही सही वेगळी हाय," ते म्हणाले. "मागच्या एकाबी सहीसारखी नाय. भाऊसाहेब, दोन तऱ्हेच्या सह्या तालुक्यात चालतात का? म्हंजे ही खोटी, का त्या खोट्या?"

खोटी सही केली की काय होतं हे मला नक्की माहीत नव्हतं, पण पोलीस येतात एवढं माहीत होतं. शाळेतून काढतील, दहावीला बसू देणार नाहीत, असं सगळं एकदम डोक्यात आलं. मी आईचा पदर धरला. सोळा वर्षांची घोडी, पण धरला.

"त्या खोट्या," आई म्हणाली. "साऱ्या आमच्या अलकीनं केल्यात. माझे हात फुलांत असायचे, मीच सांगायची. गुन्हा असंल तर माझा हाय. पोरीचा नाय."

"ऐकलं ना?" अण्णा मंडपाकडे वळून म्हणाले. "बाई आपल्या तोंडानं कबूल करती!"

"करते की," आई म्हणाली. "भाऊसाहेब, लिव्हा. दीड वर्षाचे सारे ठराव खोट्या सहीचे हायेत. झोपड्यांचा खोटा. अण्णांच्या मळ्यापर्यंत डांबरी रस्ता नेला, त्यो खोटा. गावाच्या पाण्याची टाकी अण्णांच्या वाड्यामागं बांधली, तिचा खोटा. पुतण्याला रेशनचं दुकान द्यायची शिफारस केली, ती बी खोटी. माझ्या ध्यानात हायेत सगळे, गेल्या आठ दिसांत निवृत्तीकडून सारं बुक वाचून ऐकलंय. लिव्हा तुम्ही. मी करते सही. वेळ लागंल जरा, पण करते."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ते सगळे ठराव त्यांच्या हस्ताक्षरात होते. "अण्णा," ते फार मायेने म्हणाले, "तुम्ही बसून घ्या आधी." आणि अण्णा बसले. सतरंजीवर, जनाबाईच्या शेजारी, दुसरीकडे जागा नव्हती.

मला त्या क्षणी आईचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. ते लपवायला मी उगाच बुकातल्या रेघा मारत बसले. असा अभिमान मला पुढे कुणाचाच वाटला नाही, माझा स्वतःचाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा टेम्पो आमच्या करंड्या न घेता गेला, हॉर्न मात्र देऊन गेला. नानांनी अर्धा तास आईला, अण्णांना आणि लोकशाहीला शिव्या घातल्या आणि मग करंड्या एसटीच्या टपावर चढवल्या. त्या रोज चढवल्या. पुढे एकदा शिव्या द्यायचं विसरले, तेव्हा कळलं की राग गेला. आईच्या हाताशी किती दिवस आहेत हे भाऊसाहेबांनी तिला खाजगीत सांगून ठेवलं होतं. सरपंच काढायचा तर नऊपैकी सात हात लागतात, आणि सहा अण्णांकडे होतेच, फक्त एका सदस्याचं त्यांच्याशी नुकतंच बांधावरून वाकडं झालं होतं. मग आईने घाई केली. अकराही झोपड्यांना घर नंबर दिले, पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत नावं चढवली, आणि प्रत्येक नोंदीवर स्वतः सही केली. मी दारांवर गेरूने आकडे रंगवले. नोंदलेलं घर पाडणं सोपं नसतं. ती वस्ती आजही आहे, पक्की घरं झाली आहेत, डिश अँटेना आहेत. तिथल्या एकगठ्ठा मतांवर हल्ली अण्णांचा नातू निवडून येतो. दर निवडणुकीत तो जनाबाईच्या सुनेच्या पाया पडतो. मी तिकडे ड्युटीला असते तर मलाही पडला असता.

अविश्वासाची सभा शाळेच्या खोलीत झाली. अध्यक्ष म्हणून स्वतः तहसीलदार आले, त्यामुळे नऊच्या नऊ सदस्य वेळेआधी हजर होते. मी दाराशी उभी होते. तहसीलदारांनी आईवरचा आरोप वाचला: सरपंच गावाला विश्वासात न घेता ग्रामसभा घेतात. तुम्हाला काही बोलायचंय का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "घेतली हे खरं हाय." मग ते म्हणाले, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.

सहा हात झटकन वर गेले. मग काहीच झालं नाही. आईच्या शेजारच्या बाकावर वत्सलाकाकू बसल्या होत्या, मांडीत हात घट्ट धरून. खिडकीच्या गजांशी त्यांचे यजमान उभे होते. त्यांचाही माल अण्णांच्याच टेम्पोने जायचा, आणि त्या वर्षी शेवंती चांगली आली होती. ते नुसते खाकरले. काकूंनी आईकडे पाहिलं नाही. त्यांनी हात वर केला, अर्धवट, कोपरातून, आणि डोळे मिटून घेतले.

तहसीलदारांनी मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. सात. त्यांनी लिहून घेतलं, शिक्का मारला, बाकीच्यांनी हात केव्हाच खाली घेतले, खुर्च्या सरकल्या, अण्णांचा पुतण्या उठून उभाही राहिला. वत्सलाकाकूंचा हात मात्र तसाच होता. त्यांना कळलंच नव्हतं. मिटल्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हात वर.

आईने तो मनगटाला धरला. "वत्सले," ती म्हणाली, "झालं गं मोजून. घे खाली, हात भरून येईल."